उदगीरच्या भंगारातली इजेक्शन सीट: 'हंटर' म्हणून विकायला काढलेली, 'किरण'ची निघालेली

उदगीरच्या एका भंगार यार्डात, जुन्या ट्रॅक्टरच्या मडगार्डांमागे, लष्करी विमानातली एक इजेक्शन सीट (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची) पाण्याच्या रिकाम्या टाकीला टेकून उभी होती. डोक्याच्या वर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ओढायची दांडी, बसायच्या तबकाच्या पुढच्या कडेला तशीच दुसरी. पाठीमागे गॅस कटरने आडवी कापलेली जाड नळी. लातूरचा एक संग्राहक ती पाहायला पोहोचला, तोवर यार्डातल्या पोरांचे तिच्यावर बसून फोटो काढून झाले होते.

व्यापाऱ्याने सीटची ओळख एका वाक्यात करून दिली: "लोंगेवाल्याच्या हंटरचं हाय हे मालक, पायलट यातूनच उडाला." मागणी होती १ लाख ४० हजार.

या वाक्यात तीन वेगवेगळे दावे आहेत. सीट हंटर या लढाऊ विमानाची आहे, ते विमान डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धात राजस्थानातल्या लोंगेवाल्यावर लढले, आणि ही सीट उडालेली आहे. जुन्या विमानी वस्तूंच्या बाजारात असे दावे नेहमी एका दमात सांगितले जातात आणि एका दमातच विकत घेतले जातात. त्यांची तपासणी मात्र सुटी सुटी करावी लागते, कारण प्रत्येकाचा पुरावा सीटवर वेगळ्या ठिकाणी असतो. या प्रकरणात तिन्ही दावे पडले. तरीही सीट घेतली गेली, आणि ती घेणे योग्यच होते.

ओळख नंतर, आधी काडतुसे

सीट कुठली हे कळण्याआधी ती मारते की नाही हे कळायला हवे. मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या सीटमध्ये धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा मुख्य इजेक्शन गन. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची ही गन सीटच्या पाठीमागे उभी असते. मार्क ४ या मॉडेलमध्ये तिच्या डोक्याशी एक प्राथमिक काडतूस आणि नळीच्या अंगात दोन दुय्यम काडतुसे असतात. प्राथमिक काडतूस सीट हलवते. आतली नळी वर सरकली की दुय्यम काडतुसांची तोंडे उघडी पडतात आणि त्यांचा वायू ढकल वाढवत नेतो. म्हणून वैमानिकाच्या पाठीच्या कण्याला एकदम तडाखा न बसता सीट सेकंदाला सुमारे ८० फुटांच्या वेगाने बाहेर पडते. हे सगळे एका पाचरीसारख्या तुकड्यावर अडलेले असते, त्याला सीअर म्हणतात. सीअर ओढली गेली की फायरिंग पिन सुटते. दांडी हाताने ओढली काय किंवा सीअरच्या कडीत अडकलेली तार ट्रकमधून उतरवताना हिसडली काय, काडतुसाला फरक कळत नाही.

दुसरी जागा ड्रोग गन. ही सीटच्या वरच्या भागात, एका बाजूला बसवलेली हातभर नळी. तिच्यात वेगळे काडतूस असते आणि ते जड धातूचा एक पिस्टन बाहेर फेकते. त्या पिस्टनला बांधलेली दोरी डोक्यामागच्या पेटीतून आधी २२ इंची छोटे ड्रोग, म्हणजे सीट स्थिर करणारे पॅराशूट, ओढून काढते, ते मग ५ फुटांचे मोठे ड्रोग ओढते. आकाराने छोटी असल्यामुळे या नळीकडे भंगारवाले बघत नाहीत आणि संग्राहकही विसरतात.

तिसरी जागा टाइम रिलीज युनिट. यात काडतूस नाही, घड्याळासारखी चाके आणि ताणलेली जबर स्प्रिंग आहे. सीट रुळावरून वर गेली की एक दांडी यातून खेचली जाते, सव्वा सेकंदाचे घड्याळ चालते आणि मग स्प्रिंगचा दांडा धाडकन सरकून पट्टे, पाय आवळून धरणाऱ्या दोऱ्या आणि वरचा सिझर शॅकल (ड्रोगची दोरी सीटला धरून ठेवणारी कात्रीसारखी कडी) मोकळा करतो. १० हजार फुटांच्या वर हे घड्याळ अडवून धरणारा बॅरोस्टॅट त्यात असतो. लातूर-उदगीरचे पठार समुद्रसपाटीपासून जेमतेम २ हजार फुटांवर आहे, म्हणजे इथे बॅरोस्टॅटचा काहीच अडथळा नाही. स्प्रिंग चढवलेली असेल आणि दांडी निघाली, तर युनिट यार्डातसुद्धा तितक्याच इमानाने काम करेल. तिथे बोट असेल तर बोट जाईल.

याशिवाय सीटच्या अंगावर आपत्कालीन ऑक्सिजनची छोटी बाटली असते. भरलेली असेल तर तिच्यात १,८०० पीएसआयच्या आसपास दाब असतो. अशी बंद बाटली चुकून भट्टीत गेली तर काय होते, हे जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये काम केलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

उदगीरच्या सीटवर पहिल्या दिवशी फक्त पाहणी झाली, तीही बाजूने उभे राहून. सीटवर वाकायचे नाही आणि ड्रोग गनच्या तोंडासमोर उभे राहायचे नाही, हे दोन नियम. टॉर्च आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने चारही बाजूंची ४२ छायाचित्रे घेतली. मुख्य गनचा प्रश्न लगेच सुटला: फायरिंग हेड नव्हते, आतल्या नळ्या नव्हत्या, बाहेरची नळी वरून खालपर्यंत आरपार दिसत होती. ऑक्सिजनच्या बाटलीचे नुसते क्लॅम्प उरले होते.

अडले ते ड्रोग गनपाशी. नळीच्या तोंडाशी पिस्टनचे टोक दिसत होते. पिस्टन आत आहे याचा अर्थ गन उडालेली नाही. गन उडालेली नाही म्हणजे दोनच शक्यता: सेवेतून काढताना काडतूस नीट उतरवले आहे, किंवा ते अजून आत आहे. बाहेरून बघून यातले काहीही सांगता येत नाही. नळी हलवून, आवाज ऐकून, "इतक्या वर्षांत मेलं असेल" म्हणून सांगता येत नाही. जुने झालेले काडतूस शांत होत नाही, उलट त्याचा भरवसा कमी होतो.

इथे संग्राहकाने केलेली गोष्ट अशा प्रत्येक प्रकरणात करण्यासारखी आहे. त्याने सौदा थांबवला, पोरांना लांब केले, सीटभोवती दोरी बांधायला लावली आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवले. जिल्हा पोलिसांच्या बॉम्ब शोधक व नाशक पथकाने येऊन तपासणी केली. ड्रोग गनचा काडतुसाचा कक्ष रिकामा निघाला. टाइम रिलीज युनिटची स्प्रिंग उतरलेली होती. पंचनाम्याची प्रत मिळाली आणि तीच पुढे या सीटच्या फाईलमधला पहिला भक्कम कागद ठरली.

काडतूस सापडले असते तर ती वस्तू विस्फोटक अधिनियम १८८४ आणि विस्फोटक नियम २००८ यांच्या कक्षेत गेली असती. त्याची केंद्रीय यंत्रणा, पेसो (पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्था), नागपूरला आहे. परवान्याशिवाय असे काडतूस 'आठवण' म्हणून कपाटात ठेवणे हा गुन्हा आहे. काही संग्राहक रिकामी पितळी काडतुसे शोभेला ठेवतात. तीही पूर्ण रिकामी आहेत याचा लेखी पुरावा नसेल तर ठेवू नयेत, हे आमचे स्पष्ट मत आहे.

मार्क कसा ठरवला

सीट पाश्चात्त्य की रशियन, हे एका नजरेत कळते. मराठवाड्यापासून ओझर काही फार लांब नाही आणि तिथल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) नाशिक विभागात मिग लढाऊ विमाने वर्षानुवर्षे बनली, त्यामुळे इकडच्या बाजारात 'मिगची सीट' वरचेवर ऐकू येते. रशियन सीटवरच्या पट्ट्यांवर रशियन अक्षरे असतात. ती वाचताना एक घोळ हमखास होतो: इंग्रजी पीसारखे दिसणारे अक्षर 'र' असते, सीसारखे 'स', एचसारखे 'न' आणि बीसारखे 'व'. १९७१च्या मिगची सीट म्हणून कुणी काही विकत असेल तर आणखी एक कसोटी लावता येते. त्या युद्धात लढलेल्या मिग-२१ एफएलमध्ये एसके प्रकारची सीट होती आणि पुढच्या कडेला बिजागर असलेली कॉकपिटची काचेची छत्री तिच्यासोबतच वैमानिकापुढे ढालीसारखी बाहेर पडायची. मांड्यांच्या मधे जुळ्या दांड्या असलेली केएम-१एम सीट नंतरच्या मिग-२१ची, तशीच मिग-२३ आणि मिग-२७ची. ती दाखवून कुणी १९७१ सांगत असेल तर बोलणे तिथेच थांबवावे.

उदगीरच्या सीटवरची अक्षरे इंग्रजी होती आणि धातूच्या सुट्या भागांवर 'एमबीईयू'ने सुरू होणारे क्रमांक होते. हे मार्टिन-बेकरचे भाग-क्रमांक. कंपनी ठरली, मार्क ठरायचा राहिला.

आता हंटरचा दावा. लोंगेवाल्यावर जैसलमेरहून गेलेली हंटर एकासनी होती. एकासनी हंटरमध्ये मार्टिन-बेकरच्या मार्क २ आणि मार्क ३ घराण्यातल्या सीट असायच्या. मार्क ४ हे त्यानंतरचे हलके घराणे. भारतात ते हंटरच्या दुआसनी प्रशिक्षण आवृत्तीत आणि मारुत, किरण व अजीत या विमानांत आले. अजीत ज्यावरून घडले त्या मूळ नॅट विमानात मात्र फोलंड कंपनीची स्वतःची सीट होती. म्हणजे ही सीट मार्क ४ आहे एवढे सिद्ध झाले, तरी लोंगेवाल्याची गोष्ट संपते.

सगळ्यात बोलका पुरावा त्या कापलेल्या नळीवर होता. मार्क ४ च्या आधीच्या सीटमध्ये सीट ज्यावरून वर सरकते तो रूळ विमानाच्या अंगाला ठोकलेला असतो आणि सीटवर रोलर असतात. मार्क ४ मध्ये वजन वाचवण्यासाठी रूळ थेट इजेक्शन गनच्या बाहेरच्या नळीला दोन्ही बाजूंनी जोडले आणि सीटच्या उभ्या तुळयांवर रोलरऐवजी सरकपट्ट्या दिल्या. उदगीरच्या नळीचा तुकडा जेमतेम दीड फुटांचा उरला होता, पण त्याच्या दोन्ही कडांना पन्हळीसारखे रूळ बसवलेले स्पष्ट दिसत होते. गॅस कटरची ज्योत आणखी फूटभर खाली लागली असती तर हा पुरावा भट्टीत वितळला असता.

मग बाकीच्या खुणा त्याच दिशेने जमत गेल्या. तबकाच्या पुढच्या कडेला दुसरी दांडी होती, आणि ही सोय मार्क ४ पासूनची. जोराच्या 'जी'मध्ये, म्हणजे विमान वळताना शरीरावर येणाऱ्या भारात, हात डोक्यावर जात नाहीत, म्हणून ती दिली गेली. सीटचा पट्टा आणि पॅराशूटचा पट्टा वेगवेगळा नव्हता, दोन्ही कामांना एकच एकत्र पट्टा होता. यातली कोणतीही एक खूण एकटी असती तर पुरली नसती, कारण सेवेत असताना जुन्या सीटवर नव्या सुधारणा चढवल्या जातात. दांडी नंतर बसवता येते, पट्टा बदलता येतो. पण गनला जोडलेले रूळ नंतर चढवता येत नाहीत, तो सीटचा मूळ सांगाडा आहे. मार्क ठरवताना अशा न बदलणाऱ्या अवयवापासून सुरुवात करावी आणि बदलत्या भागांना साक्षीदार म्हणून शेवटी बोलवावे.

पट्टीवरचा एक 'एच'

ओळखपट्टी उजव्या तुळईवर होती. ॲल्युमिनियमची, चार रिव्हेटची, वरून काळा रंग चढलेली. व्यापाऱ्याने तिचा मधला भाग नाण्याने खरवडून पाहिला होता आणि त्याला '४एच' दिसले होते. हंटरची गोष्ट तिथून निघाली: एच म्हणजे हंटर. ही काही लबाडी नव्हती. मार्टिन-बेकरच्या नावात मार्कनंतरचे अक्षर बऱ्याचदा विमान सांगते, आणि दुआसनी हंटरच्या सीटच्या नावात मार्क ४ पुढे एच येतोच.

म्हणून पट्टी पूर्ण वाचणे भाग होते. रंग खरवडला तर अक्षरांच्या कडा जातात, आणि थिनर लावला तर रंगाबरोबर शाईचे शिक्केही जातात. इथे वापरलेली रीत साधी आहे. खोलीत अंधार करायचा. टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून, अगदी आडव्या कोनात धरायचा. कॅमेरा तिपाईवर ठेवून समोरून, आणि टॉर्च बारा, तीन, सहा आणि नऊ वाजल्याच्या जागी फिरवत चार छायाचित्रे घ्यायची. ठोकलेल्या अक्षरांचे खड्डे रंगाखालूनही सावली टाकतात, आणि एका दिशेच्या प्रकाशात बुजलेली रेघ दुसऱ्या दिशेच्या प्रकाशात उठते. यासाठी कसलेही रसायन लागत नाही.

नऊच्या जागच्या प्रकाशात '४एच'च्या आधी आणखी एक अक्षर उभे राहिले आणि पुढचे शेवटचे अक्षरही दिसले. पूर्ण वाचन: एच४एचए. हे नाव एचजेटी-१६ किरण या प्रशिक्षण विमानाच्या सीटचे आहे. एकच अक्षर, पण त्याने सीट युद्धाच्या आघाडीवरून उचलून हवाई दलाच्या प्रशिक्षणशाळेत नेऊन ठेवली.

याच पट्टीवर अनुक्रमांकाचे पाच अंक असावेत अशी जागा होती. त्यातले पहिले तीन वाचता आले, पुढच्या दोनांवर कटरचा ठिपका पडून धातूच वितळला होता. नोंदीत तीन अंक आणि दोन फुल्या अशीच नोंद केली. अंदाजाने अंक भरणे हा या छंदातला सगळ्यात मोठा अपराध आहे, कारण एकदा कागदावर आलेला आकडा पुढच्या मालकासाठी पुरावा होतो.

उडालेली की न उडालेली

तिसरा दावा सगळ्यात जास्त किंमत वाढवणारा. उडालेल्या सीटच्या खुणा नीट माहीत असतील तर तपासायला अर्धा तास पुरतो.

मार्क ४ उडते तेव्हा ड्रोग गनचा पिस्टन निघून जातो, कारण तेच त्याचे काम. पायांच्या दोऱ्या विमानाच्या तळाला ज्या रिव्हेटांनी बांधलेल्या असतात ते तुटतात आणि दोऱ्यांची टोके सीटबरोबर येतात. टाइम रिलीज युनिट चालले की सिझर शॅकल उघडतो आणि ड्रोगचा ओढा सीटवरून सुटून वैमानिकाच्या पॅराशूटकडे जातो. त्या क्षणापासून सीटला कोणतेही पॅराशूट नसते. ती दगडासारखी खाली येते. जमिनीवर आपटलेल्या सीटचे तबक दुमडते, तुळया पिळतात, एखादा कोपरा मातीत घुसून घासलेला असतो.

उदगीरच्या सीटचा पिस्टन जागेवर होता आणि त्याला धरून ठेवणारी बारीक कातरपिनही शाबूत होती. तबकाच्या कर्णांची मापे टेपने घेतली तर दोन्ही कर्णांत दोन मिलिमीटरचाही फरक नव्हता. तुळयांना दोरी ताणून लावली, कुठेही पोक नाही. डोक्यामागची ड्रोगची पेटी उघडी होती, पण आत घूस किंवा उंदराने केलेले कापसाचे घरटे होते, आणि पेटीच्या झडपेचे बिजागर न वाकलेले. ही सीट कधीच उडाली नाही.

याला आणखी एक बाजू आहे. खरोखर उडालेल्या सीटमागे माणूस असतो: तारीख, विमानाचा क्रमांक, चौकशीचा अहवाल. मार्टिन-बेकरच्या सीटने जीव वाचलेल्यांची १९५७ पासून 'टाय क्लब' नावाची संघटनाही आहे. म्हणून 'पायलट यातून उडाला' हे वाक्य ज्याच्याकडून येईल त्याला नाव, तारीख आणि जागा विचारावी. यातले एकही मिळत नसेल तर ते वाक्य नोंदीत जाऊ नये. न उडालेल्या सीटला कमी लेखायचे कारण नाही. वर्षानुवर्षे शिकाऊ वैमानिक तिच्यावर बसले, प्रत्येक उड्डाणाआधी कुणीतरी तिच्या पिना मोजल्या, आणि तिला उडायची वेळ आली नाही.

बिदर जवळ आहे, म्हणून?

किरण हे नाव निघताच सगळ्यांच्या तोंडी एकच आले: बिदर. उदगीरहून बिदर सत्तर किलोमीटरच्या आतबाहेर. तिथे हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र, आणि १९९६ मध्ये सूर्यकिरण पथक तिथेच किरण मार्क २ विमानांवर उभे राहिले. लातूर-उदगीरकडच्या कितीतरी लोकांनी ती लाल-पांढरी विमाने आकाशात पाहिली आहेत. सीट किरणची, यार्ड उदगीरचे, मग सीट सूर्यकिरणची, असा हिशोब मन आपोआप जुळवते.

हा हिशोब कागदावर मुळीच येऊ नये. भंगार अंतराने फिरत नाही, भावाने फिरते. लष्करी भंगाराचे लिलाव बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून होतात आणि घेणारा देशाच्या कुठल्याही टोकाचा असू शकतो. उदगीरच्या व्यापाऱ्याकडे कागद मागितले तेव्हा हैदराबादच्या एका दलालाचे जीएसटी बिल आणि काट्याची पावती निघाली. बिलावर मालाचे वर्णन 'मिश्र ॲल्युमिनियम भंगार, विमानाचे भाग' एवढेच. दलालाकडून लॉटच्या डिलिव्हरी ऑर्डरची छायाप्रत आली. त्यात लॉट क्रमांक आणि एकूण वजन होते, सीटचा वेगळा उल्लेख नव्हता. म्हणजे साखळीच्या दोन कड्या पक्क्या: दलाल ते उदगीर, उदगीर ते लातूर. लिलावाचा लॉट ते दलाल ही कडी संभाव्य, कारण एकाच दलालाच्या गोदामात दोन-तीन लॉट मिसळलेले असू शकतात. त्यामागचे काही नाही.

विमानाचा क्रमांक तर सीटवरून काढताच येत नाही. ठरावीक तपासणीसाठी सीट विमानातून काढून वेगळ्या दालनात नेतात आणि काम झाल्यावर ती त्याच विमानात परत जाईल असे नाही. सीटच्या आतले भागही असेच फिरतात. या सीटच्या टाइम रिलीज युनिटवरची तारीख ऑगस्ट १९७६ ची, पट्ट्याच्या शिवलेल्या चिठ्ठीवर १९८८. या तारखा त्या त्या भागाच्या आहेत. सीट १९७६ ची आहे असे त्यातून ठरत नाही. काळ्या रंगाखाली पाठीच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात स्टेन्सिलचे दोन अंक होते. संग्राहकाला ते विमानाच्या शेपटीवरच्या क्रमांकाचे शेवटचे अंक वाटले. तसे असू शकते, तसाच तो दालनातला सीटचा क्रमांकही असू शकतो. अंकांचे छायाचित्र, माप आणि जागा नोंदली, अर्थ लावला नाही.

साफसफाईत झालेले नुकसान

या प्रकरणात एक चूक झाली आणि ती परत भरून येणार नाही. सीट लातूरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात पट्ट्याच्या गोल कुलपावरची चिकट धूळ काढायला थिनरचा बोळा फिरवला गेला. कुलपाच्या मागच्या बाजूला जांभळ्या शाईचे तपासणीचे दोन शिक्के होते. त्यांतला एक पूर्ण पुसला. सुदैवाने यार्डातल्या ४२ छायाचित्रांपैकी एकात तो तिरका, अर्धा आला होता. पाहणीच्या दिवशी 'कशाला इतके फोटो' असे वाटते, त्याचे उत्तर अशा वेळी मिळते.

त्यानंतर क्रम ठरवून घेतला. आधी मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम, नळीच्या तोंडाला मलमलचा तुकडा बांधून, म्हणजे निघालेला रिव्हेट किंवा चिठ्ठीचा तुकडा आत जात नाही. घरट्यातला कापूस, दोऱ्याचे तुकडे सगळे वेगळ्या पाकिटात. मग डिस्टिल्ड पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण, पिळलेल्या सुती फडक्याने, आणि लगेच कोरडे करणे. शाई, स्टेन्सिल, शिवलेल्या चिठ्ठ्या यांच्या भोवती दोन बोटे जागा सोडून. शेवटी उघड्या धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात.

सँडपेपर आणि वायर ब्रश वापरायचा नाही. यामागे इतिहास जपण्याचे कारण आहेच, पण जिवाचे कारण जास्त मोठे आहे. या काळातल्या विमानी बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असतो आणि रंगाखालच्या पिवळट-हिरव्या प्रायमरमध्ये क्रोमेट असते. दोन्हींची कोरडी धूळ श्वासात जाणे अत्यंत घातक. रंगाचे थर पाहण्यासाठी फक्त एका जागी, तबकाच्या खालच्या न दिसणाऱ्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढ्या भागावर ओला १००० नंबरचा कागद हाताने फिरवला. मास्क आणि हातमोजे घालून. फडके पिशवीत बांधून वेगळे टाकले. थर निघाले: वर काळा, खाली राखाडी, मग प्रायमर. काळा रंग ब्रशने मारलेला आणि रिव्हेटांवरून ओघळलेला, तर राखाडी फवारलेला. काळा थर कारखान्यातला नाही एवढे यावरून म्हणता येते. तो काढला नाही, कारण तोही सीटच्या आयुष्याचा भाग आहे.

ठेवण्याची जागा हा मराठवाड्यातला खरा प्रश्न. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात धातूला हात लावता येत नाही. नायलॉनचे पट्टे उष्णतेने आणि उन्हाने आधी फिके पडतात, मग बोटांनी चुरगळले तर पावडर सुटते. सीट स्लॅबच्या घरात, खिडकीपासून लांब, जमिनीपासून चार इंच उंच लाकडी पाटावर ठेवली. वर जुन्या सुती चादरीचे आच्छादन, प्लॅस्टिक नाही, कारण जून-जुलैत प्लॅस्टिकच्या आत घाम धरतो आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते. डोक्यामागच्या ड्रोगच्या पेटीत उंदीर परत शिरू नयेत म्हणून तोंडाला बारीक जाळी, खिळा न मारता नुसती अडकवलेली. त्या पट्ट्यांवर माणसाचे वजन आता कधीही टाकायचे नाही. शाळेत 'बसून बघा' म्हणून सीट मांडायची असेल तर पोरांना लाकडी नमुन्यात बसवावे.

सौदा आणि फाईल

व्यापाऱ्याला निष्कर्ष समोरासमोर दाखवले. टॉर्चच्या प्रकाशातला पहिला 'एच', नळीवरचे रूळ, जागेवरचा पिस्टन. युद्धाची गोष्ट उतरली तशी किंमतही उतरली, आणि ५२ हजारांवर बोलणे मिटले. बिलावर 'भंगार' एवढेच न लिहिता 'मार्टिन-बेकर इजेक्शन सीट, अपूर्ण, स्फोटक भागांविना' असे वर्णन आणि पट्टीवरचे वाचलेले तीन अंक लिहून घेतले. पंचनाम्याच्या क्रमांकाचा उल्लेखही बिलावरच. असे बिल नसेल तर पुढच्या वेळी ट्रकमधून सीट नेताना नाक्यावरच्या पोलिसाला काय सांगणार? एक सावधगिरीची गोष्ट परदेशी गिऱ्हाइकांसाठी: लष्करी विमानाचे भाग देशाबाहेर पाठवणे हा एससीओएमईटी यादीचा (लष्करी व दुहेरी वापराच्या वस्तूंच्या निर्यात-नियंत्रण यादीचा) विषय आहे आणि त्याला निर्यातीची परवानगी लागते. कुरिअरच्या खोक्यात भरून पाठवायची ही वस्तू नाही.

फाईलमध्ये आता पंचनामा, दोन बिले, काटा पावती, डिलिव्हरी ऑर्डरची छायाप्रत, ४२ अधिक १८ छायाचित्रे, २७ सुट्या भागांच्या क्रमांकांचा तक्ता आणि रंगाच्या थरांची नोंद आहे. तक्त्यात प्रत्येक भागापुढे 'मूळ', 'बदललेला' किंवा 'ठरत नाही' यांपैकी एकच शब्द. २७ पैकी १६ भागांपुढे 'ठरत नाही' आहे.

सीटच्या पाटावर लावलेली चिठ्ठी मराठीत आहे: "मार्टिन-बेकर एच४एचए. एचजेटी-१६ किरण प्रशिक्षण विमानाची सीट. न उडालेली. इजेक्शन गनच्या बाहेरच्या नळीचा तुकडाच उरलेला; ऑक्सिजन बाटली व पॅराशूट नाहीत. काडतुसे नाहीत, पोलीस तपासणी झालेली. हैदराबादमार्गे उदगीर येथून प्राप्त. विमान क्रमांक:" आणि त्यापुढे मोकळी जागा.